अमोनिया का, नायट्रोजन का नाही? पोलादाच्या पृष्ठभागावर अणूंचं काय होतं

प्रश्न चाकणला हीट ट्रीटमेंटमध्ये नव्यानं लागलेल्या एका इंजिनिअरचा आहे. थोडक्यात असा: "आमच्याकडे गॅस नायट्रायडिंगला अमोनिया वापरतात. महाग, वासानं डोळ्यांत पाणी येतं, शिवाय सुरक्षेची काळजी. नायट्रोजन तर पर्जिंगसाठी आणलेलाच असतो आणि चांगला शुद्ध असतो. पोलादाला नायट्रोजनच हवाय ना, मग तोच का नाही सोडत? दुसरं, सुपरवायझर म्हणतात, डिसोसिएशन ३० च्या वर जाऊ देऊ नका. अमोनिया जितका जास्त फुटेल तितका नायट्रोजन जास्त मिळायला हवा. मग वर का नको?"

इतरांसाठी आधी शब्दांचं सांगतो. नायट्रायडिंग म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं. पर्जिंग म्हणजे भट्टीतला आधीचा गॅस दुसऱ्या गॅसनं हुसकावणं. डिसोसिएशन म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या गॅसमध्ये फुटलेल्या अमोनियाचा टक्का. भोसरी-चाकण पट्ट्यात आधी नायट्रायडिंगच्या भट्ट्यांवर आणि नंतर प्लेटिंगच्या, म्हणजे पोलादावर झिंकसारख्या धातूचा थर चढवायच्या, टाक्यांवर माझी २७ वर्षं गेली. हे दोन प्रश्न जो विचारतो त्याला मी वेळ देतो, कारण यांचं उत्तर नीट कळलं की भट्टीवरच्या निम्म्या गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत.

दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे, पोलादाच्या सगळ्यात वरच्या थरावर. तिथे एखादा सुटा अणू आला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. शेजारच्या अणूशी जोडी जमवायची आणि गॅस होऊन उडून जायचं, नाहीतर पोलादात शिरायचं. नायट्रायडिंगमध्ये आपण त्याला जोडी जमायच्या आत पोलादात घालायचा प्रयत्न करत असतो. प्लेटिंगमध्ये नेमकं उलटं, तिथे हायड्रोजनची जोडी जमून तो उडून गेला तर बोल्ट तुटण्यापासून वाचतो.

आधी नायट्रोजनच्या सिलिंडरचं बघू. त्यात सुटा अणू एकही नसतो. सगळे दोन-दोनच्या जोड्यांनी, तिहेरी बंधात जखडलेले. हा बंध तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल लागतात. हायड्रोजनच्या रेणूला ४३६ लागतात, ऑक्सिजनच्या रेणूला ४९८. ५२० अंशांच्या भट्टीची धग आपल्याला दारापासून चार हातांवर जाणवते, पण त्या बंधावर तिचा काही परिणाम होत नाही.

लोखंड यात मदत करतं, हे खरं आहे. नायट्रोजनचा रेणू लोखंडावर आडवा पडला की दोन्ही टोकांना लोखंडाचे अणू धरतात, मधला बंध सैल होतो आणि कधीतरी तुटतो. पण फारच क्वचित. जर्मनीच्या गेरहार्ट एर्टल यांनी निर्वात कक्षात लोखंडाच्या एकस्फटिकांवर हे काळजीपूर्वक मोजलं. आदळणाऱ्या दहा लाख रेणूंमागे एखादा तुटून चिकटतो, अशा दर्जाचा हा आकडा आहे. तोही स्फटिकाचा कोणता चेहरा वर आहे यावर बराच बदलतो. पृष्ठभागावरच्या रसायनाच्या अशा अभ्यासासाठी एर्टल यांना २००७ चं नोबेल मिळालं. अमोनिया बनवताना सगळ्यात अवघड पायरी हा बंध तुटण्याचीच आहे, हे त्यांच्या कामातून पक्कं झालं.

आता अमोनिया बनतो कसा तेही बघा. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये तो नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून बनवून दाखवला, आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला त्याचा कारखाना उभा राहिला. आजही बहुतेक ठिकाणी हीच प्रक्रिया चालते. लोखंडाचा उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश तापमान आणि दीडशे-दोनशे पट वातावरणाचा दाब. इतकं सगळं केल्यावर तो बंध तुटतो आणि नायट्रोजनच्या प्रत्येक अणूला तीन हायड्रोजन जोडले जातात. तुमच्या दारात येणाऱ्या अमोनियात ते अवघड काम कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. बिलात पैसे जातात ते त्या तुटलेल्या बंधाचे.

तो अमोनिया तुमच्या तापलेल्या जॉबवर, म्हणजे भट्टीत घातलेल्या भागावर, येऊन बसतो आणि एकेक हायड्रोजन सोडत जातो. तीनाचे दोन, दोनाचा एक, शेवटी एकटा नायट्रोजन लोखंडावर उरतो. सुटलेले हायड्रोजन पटापट जोड्या जमवून निघून जातात, कारण लोखंडाची हायड्रोजनवरची पकड ढिली असते. नायट्रोजनवरची पकड मात्र घट्ट असते. निर्वात प्रयोगांत असं दिसतं की लोखंडावरून नायट्रोजनच्या जोड्या सुटायला ५०० अंशांच्या पुढे सुरुवात होते आणि साडेपाचशे-सहाशेच्या दरम्यान ते जोर धरतं. आपलं काम चालतं ५०० ते ५३० ला. या तापमानाला नायट्रोजनचा अणू पोलादात सरकण्याइतका चपळ असतो, आणि जोडी जमवून उडून जाण्याची घाई अजून झालेली नसते. १९०८ मध्ये अमेरिकेत अडॉल्फ मॅक्लेट यांनी अमोनियानं लोखंड कडक करण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा पृष्ठभागावर काय घडतं हे पाहायची साधनंच नव्हती. पुढे १९२० च्या दशकात जर्मनीत अडॉल्फ फ्राय यांनी ॲल्युमिनियम-क्रोमियमची पोलादं यासाठी बसवली. तुमच्याकडे येणारं ईएन ४१ बी हे पोलाद त्याच घराण्यातलं.

आणखी एक गोष्ट. ५०० अंशांना, साध्या वातावरणाच्या दाबाला, अमोनियाला पुरेसा वेळ दिला तर तो जवळजवळ सगळा फुटून जातो. समतोलात उरतो तो जेमतेम ०.१ टक्क्याच्या आसपास. म्हणजे भट्टीतला अमोनिया मुळात फुटायलाच निघालेला असतो, त्याला फक्त बसायला पृष्ठभाग हवा असतो. आपण ताजा गॅस सतत सोडत राहतो तो यासाठी.

आता तुमचा दुसरा प्रश्न. डिसोसिएशन ब्युरेटनं नेमकं काय मोजलं जातं, ते स्वतः करून पाहिल्याशिवाय कळत नाही. काचेचा उभा नळा, वर पाण्याची छोटी टाकी, नळ्यावर ० ते १०० च्या खुणा. भट्टीतून बाहेर पडणारा गॅस आधी काही मिनिटं नळ्यातून जाऊ द्यायचा, आतली हवा पूर्ण निघून जाईपर्यंत. मग दोन्ही कॉक बंद करायचे आणि पाण्याचा कॉक उघडायचा. पाणी नळ्यात धाडकन घुसतं, कारण ते स्वतःच्या कित्येक शे पट अमोनिया विरघळवतं. अमोनियानं व्यापलेली सगळी जागा पाणी घेतं. नायट्रोजन आणि हायड्रोजन पाण्यात विरघळत नाहीत, ते वर उरतात. जिथे पाणी थांबतं, तिथला उरलेला भाग म्हणजे तुमचं डिसोसिएशन.

म्हणजे वर उरलेला नायट्रोजन कोणता? जोडी जमवून गॅस झालेला. तोच, जो सिलिंडरमधल्या नायट्रोजनसारखाच आता पोलादाला निरुपयोगी आहे. पोलादात शिरलेला नायट्रोजन ब्युरेटमध्ये येतच नाही, तो जॉबमध्ये असतो. ब्युरेट वाढतं म्हणजे वाया गेलेला अमोनिया वाढतो. "जास्त फुटला म्हणजे जास्त मिळाला" हा हिशोब इथेच चुकतो.

शिवाय हायड्रोजनचाही जोर असतो. पृष्ठभागावर हायड्रोजन जास्त झाला की तो नायट्रोजनला परत पकडून अमोनिया बनवून घेऊन जातो. म्हणून नायट्रायडिंग पोटेन्शियल, म्हणजे पोलादात नायट्रोजन घालण्याचा गॅसचा जोर, काढताना अमोनियाच्या आंशिक दाबाला हायड्रोजनच्या आंशिक दाबाच्या दीड घातानं भागतात. एकदा हातानं करून बघा. ब्युरेट ३० दाखवतंय आणि तुम्ही नुसता अमोनिया सोडताय, असं धरू. बाहेरच्या गॅसमध्ये अमोनिया ०.७०. उरलेल्या ०.३० मध्ये तीन-चतुर्थांश हायड्रोजन, म्हणजे ०.२२५. त्याचा दीड घात ०.१०७. भागाकार साधारण ६.६. आता ब्युरेट ८० वर गेलंय असं धरा. अमोनिया ०.२०, हायड्रोजन ०.६०, त्याचा दीड घात ०.४६५, भागाकार ०.४३. ब्युरेटचा आकडा ३० वरून ८० वर गेला, तेवढ्यात गॅसचा जोर पंधरापट उतरला. हा हिशोब रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि अमोनियासोबत नायट्रोजन मिसळून चालवत असाल तर ब्युरेटवर विसंबू नका. तो मिसळलेला नायट्रोजनही फुटलेल्यातच मोजला जातो आणि आकडा फसवतो. तिथे हायड्रोजन ॲनालायझर लावलेला बरा.

मग ८० कधीच नको का? तसंही नाही. दोन टप्प्यांच्या पद्धतीत, जिला फ्लो पद्धत म्हणतात (Floe हे माणसाचं नाव आहे, गॅसचा फ्लो नव्हे), पहिले काही तास १५ ते ३० वर ठेवतात. तेवढ्यात पृष्ठभागावर नायट्राइडचा पांढरा थर, आपला व्हाइट लेअर, तयार होतो. मग तापमान ५५० च्या पुढे नेतात आणि डिसोसिएशन मुद्दाम ६५ ते ८० च्या दरम्यान आणतात. वरून येणारा नायट्रोजन कमी झाला की थरात साठलेला नायट्रोजन आत सरकत राहतो, खोली वाढते आणि पांढरा थर पातळ होतो. ३० हा आकडा तुमच्या सायकलचा आणि तुमच्या स्टीलचा आहे. दुसऱ्या शॉपमध्ये दुसरा दिसला तर गोंधळू नका, त्यांच्या सायकलचा टप्पा विचारा.

जोडी जमणं ही गोष्ट थोडी सावकाश समजून घेण्यासारखी आहे. दोन सुटे अणू हवेत एकमेकांवर आपटले तरी बहुधा जोडी जमत नाही. जोडी जमताना मोठी ऊर्जा सुटते, आणि ती घेणारं तिसरं कुणी नसेल तर त्याच ऊर्जेनं ते पुन्हा फुटतात. धातूचा पृष्ठभाग ही ऊर्जा सहज घेतो. म्हणून अणूंची जोडी जमायला भिंत लागते, भांडं लागतं, जॉब लागतो. एकच गोष्ट मनात ठेवा, पृष्ठभाग बदलला की जोडीचा वेग बदलतो.

तिथे ती दोन प्रकारांनी जमते. दोन्ही अणू पृष्ठभागावर आधीच बसलेले असतात, सरकत सरकत एकमेकांना भेटतात. या प्रकाराला लँगम्यूर आणि हिन्शेलवूड यांची नावं आहेत. किंवा एक अणू बसलेला असतो, आणि वरून येणारा दुसरा थेट त्याच्यावर आदळून त्याला उचलून नेतो. हा इली आणि रिडील यांचा प्रकार. नायट्रायडिंगमध्ये आपल्याला पहिलाच भोवतो. पृष्ठभागावर नायट्रोजन दाटीनं बसला की शेजारी शेजारी येण्याची शक्यता वाढते, आणि अणू दुप्पट झाले तर भेटी चौपट होतात. तापमान वाढलं की सरकणंही वाढतं. म्हणून "थोडं तापवून लवकर उरकू" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

जोडी जमताना सुटणाऱ्या ऊर्जेचा अंदाज यावा म्हणून सांगतो. अर्विंग लँगम्यूर अमेरिकेत दिव्याच्या तारेवर काम करत होते. तापलेल्या टंगस्टनच्या तारेवर हायड्रोजनचे रेणू फुटून अणू होतात, हे त्यांना तिथे दिसलं. पुढे त्यातूनच अणुरूप हायड्रोजनचं वेल्डिंग आलं. आर्कमधून हायड्रोजन फोडायचा आणि जॉबच्या पृष्ठभागावर त्याची जोडी जमू द्यायची. जोडी जमताना सुटणाऱ्या उष्णतेनं पोलाद वितळतं. टंगस्टनही वितळावं इतकं, म्हणजे ३४०० अंशांच्या पलीकडचं तापमान त्या झोतात मिळतं. लँगम्यूर यांना पृष्ठभागाच्या रसायनासाठी १९३२ मध्ये नोबेल मिळालं.

आता भट्टीत परत येऊ, कारण पृष्ठभाग म्हटलं की फक्त जॉब डोळ्यांपुढे येतो, आणि बरीच गडबड तिथेच होते. रिटॉर्टची, म्हणजे जॉब ठेवायच्या बंद भांड्याची, भिंत, पंख्याची पाती, बास्केट, फिक्श्चर, टांगणीची तार, सगळ्यांवर अमोनिया फुटतो. साध्या स्टीलचं फिक्श्चर वापरलं तर तेही नायट्राइड होत जातं आणि अमोनिया फोडत राहतं, म्हणून निकेलवाली मिश्रधातू वापरतात. रिटॉर्टही जुनी होत जाते. सुरुवातीला जेवढ्या गॅसवर ब्युरेट २५ दाखवत होतं, त्याच गॅसवर दोन-तीन वर्षांनी ३५ दाखवायला लागतं. नवा माणूस गॅस वाढवत राहतो. आधी रजिस्टर उघडून मागच्या वर्षीच्या सारख्याच लोडचे आकडे काढून बघा. आकडे हळूहळू चढत आले असतील तर रिटॉर्ट रिकामी, जास्त तापमानाला तापवून साफ करून घ्यावी लागते. आकडा एकाच लोडला उडाला असेल तर लोडच्या पृष्ठफळात बदल झालाय का ते बघा. ५०० किलोचे चार मोठे शाफ्ट आणि ५०० किलोच्या हजार छोट्या पिना, या दोन्हींचं वजन सारखं असलं तरी अमोनियाला बसायला मिळणारी जागा कितीतरी वेगळी असते. ही गोष्ट लोड शीटवर वजनाच्या शेजारी लिहिलेली मी क्वचितच पाहिली, आणि ती लिहायलाच हवी.

हेच ज्ञान उलटं वापरायची जागा म्हणजे मास्किंग. थ्रेडला नायट्रायडिंग नको असेल तर तिथे तांबं चढवतात किंवा कथलाचा लेप लावतात. तांब्यात नायट्रोजन विरघळत नाही, त्यामुळे खालच्या पोलादापर्यंत अणू पोचत नाही.

आणि तेलाचा डाग. ईएन ४१ बीच्या एका लांब प्लंजरचं मला आजही आठवतं. कडकपणा सगळीकडे १००० व्हिकर्सच्या आसपास आणि एका जागी ४००. भट्टीतून निघालेला जॉब सगळीकडून एकसारखा मंद करडा होता, आणि त्या जागी मात्र नखाएवढा चकचकीत पट्टा राहिला होता. रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेलाचा ओघळ डिग्रीझिंगमध्ये सुटला नव्हता. काही मायक्रॉनची ती पापुद्री, पण तिच्यावर अमोनिया फुटला नाही आणि अणू पोलादाला भेटलेच नाहीत. स्टेनलेसचंही तसंच. त्याच्यावरची क्रोमियम ऑक्साइडची पापुद्री आधी काढली नाही तर साठ तास चालवलं तरी काही घडत नाही. डिग्रीझिंगनंतर जॉबला हातमोज्याशिवाय हात लावू नका, आणि लोड करणाऱ्याला कारण समजावून सांगा. कारण कळलं की तो स्वतःच लक्ष ठेवतो.

सिलिंडरमधल्या नायट्रोजननं काम करायची एक पद्धत आहेच, आणि ती चांगली आहे. प्लाझ्मा नायट्रायडिंग. तिथे काही मिलिबार दाबाला नायट्रोजन आणि हायड्रोजनचं मिश्रण घेऊन जॉबला काहीशे व्होल्टचा ऋण विद्युतदाब देतात. जॉबभोवती जांभळी झळाळी उठते आणि तो बंध विजेनं तुटतो. गॅस स्वस्त पडतो, अमोनियाचा धोका नाही, स्टेनलेसवरची पापुद्री त्याच झळाळीत आयन आदळून निघते. मात्र यंत्र महाग, आणि खोल बारीक भोकं असलेल्या जॉबला त्या भोकांत झळाळी कोंडून जॉब तापण्याचा धोका असतो. तुमचे जॉब कसे आहेत ते बघून साहेबांपुढे हा विषय जरूर मांडा. अमोनिया बंद करून भट्टीत नुसता नायट्रोजन सोडायचा प्रयोग मात्र करू नका, त्यात ५० तास जातात आणि जॉब जसाच्या तसा निघतो.

जोडी जमायची ती नेमकी कुठे जमली, याला किती महत्त्व आहे ते दोन उदाहरणांतून सांगतो.

पहिलं तुमच्या मायक्रोस्कोपखालचं. व्हाइट लेअरच्या नायट्राइडमध्ये नायट्रोजन इतका ठासून भरलेला असतो की तेवढा नायट्रोजन नुसत्या गॅसच्या दाबानं भरायचा म्हटलं तर हजारो वातावरणांचा दाब लागेल. तो आत सुखानं राहत नाही. दाणेसीमांवर, म्हणजे धातूच्या दाण्यांमधल्या सीमांवर, आणि दोषांवर अणू एकमेकांना भेटतात, जोडी जमवतात, आणि गॅस होऊन तिथेच अडकतात. जोडीला परत पोलादातून वाट नसते. मग तिथे पोकळी होते. नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं द्रावण) लावून ५०० पटींनी बघितलं की पांढऱ्या पट्ट्याच्या वरच्या कडेला काळे ठिपके दिसतात, कधी सुटे, कधी एकमेकांना जोडून भेगेसारखे. लॅबवाला पोरॉसिटी लिहितो. ती बाहेरून आलेली घाण नाही, आत जमलेल्या नायट्रोजनच्या जोड्या आहेत.

दुसरं प्लेटिंगचं, आणि ते मला जन्मभर पुरलंय. झिंक प्लेटिंगच्या टाकीत पोलादावर हायड्रोजनचे अणूही बसतात. त्याआधी आम्लात धुताना तर जास्तच. ते एकमेकांना भेटून बुडबुडे होऊन गेले तर हरकत नाही. पण काही पोलादात शिरतात. टाकीत किंवा आम्लात गंधक, आर्सेनिक, फॉस्फरस यांचा अंश असला तर ते पृष्ठभाग अडवतात, जोडी जमणं मंदावतं, आणि आत शिरणारा हायड्रोजन वाढतो. बुडबुडे कमी दिसले म्हणून खूश होणारा माणूस मी पाहिलाय. तिथेच सावध व्हायला हवं.

मी त्या वेळी जिथे कामाला होतो, तिथे १२.९ ग्रेडच्या, म्हणजे फार मजबूत, सॉकेट हेड बोल्टचा एक लॉट संध्याकाळी प्लेट झाला. प्लेटिंगनंतर जॉब तापवून आत शिरलेला हायड्रोजन काढायचा असतो, त्याला बेकिंग म्हणतात. त्या बेकिंग ओव्हनचा हीटर गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सुरू झाल्यावर आम्ही लॉट बेक केला, आणि सर्टिफिकेटवर बेकिंग झालं असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. गिऱ्हाइकानं शनिवारी ते बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले, सगळे नीट बसले. सोमवारी सकाळी चार बोल्टांची डोकी यंत्राखाली फरशीवर पडलेली होती. आवळताना नाही, दीड दिवस नुसते ताणात असताना तुटले. मी त्यातलं एक डोकं हातात घेऊन पाहिलं. तुटलेला भाग ताणून तुटल्यासारखा तंतूंचा नव्हता, खडीसाखर फोडल्यावर दिसते तसा दाणेदार, चमकणारा होता. कोणी जखमी झालं नाही, पण त्या यंत्राशेजारी माणसं उभी राहत होती, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

प्लेटिंगनंतर शक्यतो तासाभरात, फार तर चार तासांत, १९० ते २२० अंशांना बेकिंग सुरू व्हायला हवं, आणि पुरेसे तास चालायला हवं. क्रोमेट पॅसिव्हेशन, म्हणजे झिंकवरची संरक्षक फिल्म, त्यानंतर, कारण ती फिल्म एवढं तापमान सहन करत नाही. गरम केल्यावर आतला हायड्रोजन हलतो, पृष्ठभागापर्यंत येतो, तिथे जोडी जमवून निघून जातो. उशीर केला तर तो आधीच दाणेसीमांवर जाऊन आपलं काम करून बसलेला असतो, आणि मग बेक करून बारीक भेग भरून येत नाही. तुमच्या शॉपमध्ये प्लेटिंग नसेल, पण नायट्राइड केलेल्या जॉबशेजारी १२.९ चे बोल्ट येतातच. बेकिंगची वेळ रजिस्टरमध्ये आहे का, एवढं विचारायची सवय ठेवा.

आपल्याला नकोशी असलेली नायट्रोजनची जोडी दुसरीकडे सगळ्यांना हवी असते. रस्त्यावरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरआधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. नायट्रिक ऑक्साइड ऱ्होडियमवर फुटतो, नायट्रोजनचे अणू एकमेकांना भेटून निरुपद्रवी नायट्रोजन होतात आणि हवेत जातात. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या अणूला भेटून कार्बन डायऑक्साइड होतो. थंड गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं हे नीट होत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमवर दाटीनं बसतो आणि ऑक्सिजनला फुटायला जागाच देत नाही. अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास तो सुटायला लागला की जागा मोकळी होते. सीसायुक्त पेट्रोल बंद करण्यामागे आरोग्याचं कारण होतंच, पण सीसं या धातूंच्या पृष्ठभागावर बसून तो कायमचा बंद करतं हेही होतं. देशभर ते २००० मध्ये बंद झालं.

आणि चाकणहून नाशिक रस्त्यानं पुढे नारायणगावला गेलात तर खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण दिसेल. तिच्या ३० तबकड्या खोडद आणि आसपासच्या भागात पसरलेल्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटरची. अवकाशातल्या सुट्या हायड्रोजन अणूंच्या रेडिओलहरी त्यांना ऐकू येतात. तारकांमधल्या विरळ जागेत, घन सेंटीमीटरला एखादाच अणू असा, त्याला भेटायला दुसरा नाही आणि बसायला पृष्ठभाग नाही, म्हणून तो युगानुयुगं सुटाच राहतो. जिथे धुळीचे कण दाट आहेत, तिथे त्या कणांवर बसून त्याची जोडी जमते आणि हायड्रोजनचा रेणू होतो. तुमच्या बास्केटमधल्या पिनेवर जे होतं तेच, फक्त फार सावकाश. एकदा सुटीच्या दिवशी जाऊन या, मी माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो.

आता पुढच्या लोडचं. आत जॉबसोबत त्याच स्टीलचा छोटा कूपन, म्हणजे तपासणीसाठीचा तुकडा, टाका. पहिल्या टप्प्यात दर तासाला ब्युरेट घ्या, आणि प्रत्येक वेळी हवा पूर्ण निघाल्याची खात्री करा, कारण घाईत घेतलेल्या रीडिंगमध्ये हवा डिसोसिएशन म्हणून मोजली जाते. आकड्याशेजारी अमोनियाचा फ्लो लिहा. थंड करताना अमोनिया बंद करून नायट्रोजननं पर्ज करताना घाई करू नका. हवेत १५ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान अमोनिया पेटतो, आणि भट्टीत हायड्रोजनही असतो. दार उघडायच्या आधी पर्ज पूर्ण झाला पाहिजे, कितीही उशीर झाला तरी. लोड उतरल्यावर कूपन कापून पॉलिश करा, नायटल लावा, आणि व्हाइट लेअरची जाडी आणि वरच्या कडेचे काळे ठिपके स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ठिपके जास्त असतील तर पहिल्या टप्प्यातले ब्युरेटचे आकडे काढा. ते १५ च्या खाली गेलेले दिसले, तर पुढच्या वेळी अमोनियाचा फ्लो थोडा कमी ठेवा.